आधी त्यांना बाहेर येऊ दे

कचेरीत तिला सगळे मेकअपताई म्हणत. तिने जन्मात कधी पावडरच्या डब्याला हात लावला नव्हता, तरी म्हणत. नाव ठेवणारे खुद्द मुख्य संपादक, म्हणजे सर, असल्यामुळे दाद मागायची तरी कुणाकडे?

नाव पडलं ते कामावरून. मनाच्या आजारांवरचं संशोधन छापणारं ते एक जुनं, भारदस्त त्रैमासिक होतं. ठिकठिकाणचे डॉक्टर त्यात आपापले अभ्यास पाठवत. बहुतेक लेख आकड्यांचे आणि तक्त्यांचे, वाचता वाचता पेंग यावी असे. पण प्रत्येक अंकाच्या शेवटी एका रुग्णाची हकिगत असे, आणि अंक हातात पडला की भलेभले प्राध्यापकसुद्धा आधी तीच उघडत. हकिगत छापायला रुग्णाची परवानगी लागे, आणि परवानगी असली तरी तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओळखू येता कामा नये असा कडक नियम होता. म्हणून ताई त्याचं रूप बदलायची. शिक्षिकेची नर्स व्हायची, दोन मुलग्यांच्या तीन मुली व्हायच्या, नदीकाठचं घर डोंगरावर जायचं. आजाराला मात्र बोटही लावायचं नाही. आजार जसाच्या तसा, फक्त माणूस दुसरा.

सरांची त्यावर आणखी एक अट होती. हा दुसरा माणूस खरा वाटला पाहिजे. तसा नाही वाटला तर ते समासात तांबड्या शाईने 'बाहुला' एवढंच लिहीत आणि कागद परत ताईच्या टेबलावर येई. वाचणाऱ्याला माणूस दिसला नाही तर आजार काय दिसणार, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं, पण ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. तीन खोल्या, खिडकीखाली गाड्या लावायची जागा, भिंतीला लागून जुन्या अंकांचे गठ्ठे आणि त्यांचा तो कोंदट, गोडसर वास. दर्शनी दार काचेचं. त्याची स्प्रिंग इतकी कडक की प्रत्येकाला खांद्याने रेटा द्यावा लागे, आणि दार मागे मिटताना लांब उसासा टाकी. त्या दाराशी थांबून कुणी कुणाला वाट देतंय असं कधी घडलं नव्हतं. आतला बाहेर घुसे, बाहेरचा आत घुसे, आणि दोघांची टक्कर झाली की चहा कुणी पाजायचा यावर वाद.

दाराचं एवढं सांगायचं कारण म्हणजे त्या वर्षीची ती हकिगत. परगावच्या एका डॉक्टरांनी पाठवलेली. रुग्ण बेकरीत भट्टीवर काम करणारा, साधा, हसतमुख, बायकोमुलांचा माणूस. त्याला एवढंच झालं होतं की कुठल्याही दाराशी आला की तो बाजूला सरे. कुणीतरी बाहेर येत असावं आणि आपण वाट द्यावी, तसा. जरा थांबे, मान किंचित लववे आणि मग आत जाई. सुरुवातीला क्षणभरच. पुढे हे थांबणं वाढत गेलं. आतून येणारे एकाचे दोन झाले, दोनाचे अनेक. डॉक्टरांनी विचारलं, हे लोक दिसतात कसे? त्यावर भट्टीवाल्याचं उत्तर लेखात जसंच्या तसं दिलं होतं: "मला काय माहीत. जाताना ते मान वळवत नाहीत." औषधांचा गुण आला नव्हता. शेवटी एकदा जिन्याच्या वरच्या पायरीवर, आपल्याच घराच्या दाराशी, येणाऱ्यांना जागा करून देता देता तो मागे मागे सरकला आणि पाठीवर खाली कोसळला. माकडहाड मोडलं. लेख तिथे संपत होता.

अंक छपाईला निघायची वेळ, त्यात ताईला सर्दीतापाने बेजार केलेलं. तिने भट्टीवाल्याचा माळी केला, बाहुला. माळ्याचा टपालवाला केला; पुन्हा बाहुला. तिसऱ्यांदा कागद परत आला तेव्हा तिने वैतागून चष्मा काढला, नाक पुसलं आणि हातातल्या चष्म्याकडे पाहत बसली. चष्मा दादाच्या दुकानातला होता. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

झालं. भट्टीवाल्याचा चष्मेवाला झाला. पन्नाशी ओलांडलेला, थोडं पोट सुटलेला, पहिल्या मजल्यावर राहणारा, लेक शिकायला दूर गेलेली. दुकानात चष्मा पुसायच्या मऊ फडक्यांचे गठ्ठे पडलेले असताना स्वतःचा चष्मा मात्र शर्टाच्या टोकाने पुसणारा. सगळा दादाच, अगदी हुबेहूब. मग तिलाच जरा कसंसं वाटलं, आणि अगदीच ओळखू येऊ नये म्हणून तिने त्याच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ तेवढं उजव्या मनगटावर नेलं. सरांनी वाचलं आणि खूश होऊन म्हणाले, "आता कसा, माणूस चालायला लागला." तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि घरी जाऊन ताप काढला.

अंक निघाला. त्यानंतरच्या रविवारी ती दादाकडे जेवायला गेली. दादा स्वयंपाकघरातून पाण्याचे पेले घेऊन आला. परत आत जाताना दाराशी अंग चोरून बाजूला झाला, मान जराशी लववली आणि मग आत गेला. वहिनी बाहेर येत असेल असं ताईला वाटलं. पण वहिनी तिच्या शेजारीच बसून शेंगा सोलत होती.

"कुणाला वाट देतोयस रे?" तिने हसून विचारलं.

"अं? कुठे काय," दादा आणखी एक पेला घेऊन बाहेर येत म्हणाला. त्याने पेला ठेवला आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायला लागला. तेव्हा तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. घड्याळ उजव्या मनगटावर होतं.

घड्याळाची जागा कधी बदललीस, असं तिने विचारलं. दादाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती त्याचं नाव विचारत होती. नेहमी इथेच तर असतं, म्हणाला. ताईने वहिनीकडे पाहिलं. वहिनीनेही शेंगांतून मान वर न काढता सांगितलं की लग्न झाल्यापासून ह्यांचं घड्याळ उजवीकडेच, आणि त्यावरून माझे वडील किती चेष्टा करायचे. डाव्या मनगटावर उन्हाने न रापलेला पांढरा पट्टाही नव्हता. उजव्यावर होता.

आपल्यालाच तापात भ्रम झाला असेल, इतक्या वर्षांत भावाचा हातही आपण नीट पाहिला नसेल, अशी ताईने मनाची समजूत घातली. समजूत घालण्यात ती तरबेज होती. घरात एकटीनं राहणाऱ्या माणसाला ते शिकावंच लागतं. पण जेवण काही गोड लागलं नाही.

मग वहिनीचे फोन सुरू झाले. आधी चेष्टेचे: तुमचे दादा हल्ली फार सभ्य झालेत, न्हाणीघरालासुद्धा वाट देतात. मग तक्रारीचे, आणि मग रडवेले. एका दुपारी वहिनीने तिला दुकानाशीच बोलावून घेतलं. दुकान उघडं होतं. आत दोन गिऱ्हाइकं आपली आपणच फ्रेमा लावून आरशात बघत होती, आणि दुकानदार बाहेर पदपथावर उन्हात उभा. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. चेहऱ्यावर त्रासाचं चिन्ह नाही. रांगेत उभं राहायची सवय असलेल्या माणसासारखा तो शांत होता.

"दादा, चल ना आत," ती म्हणाली.

"जातो गं. आधी त्यांना बाहेर येऊ दे."

"कुणाला? आत दोनच माणसं आहेत."

"ती नव्हेत. हे दुसरे." तो अर्धं पाऊल मागे सरला. "आज बरेच आहेत."

तिने विचारू नये ते विचारलं. कसे दिसतात?

"मला काय माहीत," दादा म्हणाला. "जाताना ते मान वळवत नाहीत."

दादाने उभ्या आयुष्यात तिचं त्रैमासिक उघडून पाहिलं नव्हतं. तुझ्या त्या वेड्यांच्या मासिकाला रद्दीवालासुद्धा हात लावत नाही, असं तो तिला लहानपणच्या हक्काने चिडवायचा. आणि हे वाक्य तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

दादाला चांगल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, डोक्याचे फोटो काढले, काही सापडलं नाही. औषधं लिहून दिली. ताईने चिठ्ठी पाहिली आणि तिला पुढचं सगळं कळलं, कारण त्याच गोळ्या त्याच क्रमाने लेखात होत्या. लेखाचा शेवटही तिला पाठ होता. दादाचं घर पहिल्या मजल्यावर, दारापुढची जागा पाट मांडण्याइतकी, आणि तिच्या मागे लगेच दगडी जिना.

तिने परगावच्या डॉक्टरांना फोन लावला. अंकाबद्दल अभिप्राय हवा होता, अशी काहीतरी सबब सांगितली. डॉक्टर उलट खुशीत होते. म्हणाले, मीच तुम्हाला कळवणार होतो.

"आमचा पेशंट ठणठणीत झाला, मॅडम. अंक आला त्याच आठवड्यात. मी औषधसुद्धा बदललं नव्हतं."

"दाराशी थांबत नाही?"

"छे! सुसाट आत-बाहेर करतो. उलट आता धक्के मारतो म्हणून बायकोची तक्रार आहे." डॉक्टर हसले, मग जरा ओशाळून म्हणाले, "खरं सांगू का, कशाने बरा झाला ते मला कळलेलं नाही."

तिला कळलं होतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीखालच्या गाड्या पाहत बसली. आजाराला बोट लावायचं नाही, फक्त माणूस बदलायचा. इतकी वर्षं ती हेच करत आली होती. आधीच्या हकिगतींमधल्या त्या सगळ्या नर्सेस, टपालवाले, तीन मुलींच्या आया तिच्या डोळ्यांपुढे यायला लागल्या, आणि त्या विचाराचं दार तिने घाईघाईने लावून घेतलं. आत्ता फक्त दादा.

शुद्धिपत्र काढता येत होतं. छापील अंकाचं पुढे पाहता येईल, पण लेख संगणकावरही असतो, आणि दुरुस्ती मंजूर झाली की तिथे ती तासाभरात चढते. प्रश्न एवढाच होता की लिहायचं काय. पुन्हा भट्टीवाला लिहिला तर त्या बिचाऱ्याचं नुकतंच जुळलेलं माकडहाड, त्याची बायको, त्याची मुलं. दुसरं कुणी? तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारा, दिवसभर भिंतीला भोकं पाडणारा शेजारी क्षणभर तिच्या मनात येऊन गेला, हे कबूल करायला हवं. तिला स्वतःचीच लाज वाटली. मग जगात नसलेला माणूस रचायचा? पण जग एवढं मोठं. कुठलाही व्यवसाय घ्या, कुठलंही वय, कुठलंही घर. कुठेतरी तो माणूस चष्मा पुसत बसलेला असणारच.

ती सरांच्या खोलीत गेली आणि नियमावर बोट ठेवून बोलली. लेखातलं वर्णन एका खऱ्या माणसाशी जुळतं, आणि तो माणूस माझा भाऊ आहे. माझी चूक झाली, ते बदललं पाहिजे. सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. रागवायला त्यांना हक्क होता, पण तिचा चेहरा पाहून ते रागवले नाहीत. नुसता हात पुढे केला. तिने कागद दिला.

वय नव्हतं. व्यवसाय नव्हता. पुरुष की बाई, तेही नव्हतं. घर, लेक, घड्याळ, काही नाही. 'एका व्यक्तीला,' एवढ्यावर हकिगत सुरू होत होती.

"हा तर बाहुलासुद्धा नाही," सर म्हणाले. "हा कुणीच नाही."

"म्हणूनच, सर."

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग त्यांनी सही केली आणि कागद संगणकाच्या खोलीत पाठवला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. वहिनी होती. आवाज अगदी बारीक.

"ताई, हे दाराबाहेर उभे आहेत. आत येत नाहीत. मी हात धरला तर झटकला. मागे जिना आहे, ताई."

ती निघाली. काचेचं दार, रिक्षा, सिग्नल, यातलं काहीच तिला पुढे आठवलं नाही. भर दुपार होती. दादाच्या इमारतीत शिरली तेव्हा उन्हातून आल्यामुळे जिना काळोखा वाटला.

वर दार सताड उघडं. आत वहिनी, तोंडावर हात ठेवलेली. बाहेर दादा, जिन्याकडे पाठ करून, अंग चोरून उभा.

त्याने मान लववली. इंचभर मागे सरला. पुन्हा मान लववली.

त्याची टाच पायरीच्या कडेबाहेर आली होती.

ती धावत वर गेली आणि दोन पायऱ्या खाली उभी राहून तिने दोन्ही तळहात त्याच्या पाठीला टेकवले. पाठ घामाने गार होती.

"कोण आहे?" दादाने मागे न पाहता विचारलं.

"मी आहे रे. ठमी."

"सरक गं ठमे. त्यांना उतरायचंय."

ती सरकली नाही. दादाचा सगळा भार तिच्या हातांवर यायला लागला.

तिच्या गळ्यातल्या स्कार्फचं टोक हललं. जिन्यात वारा नव्हता.

मग डाव्या खांद्याला काही निसटतं लागलं. अरुंद जिन्यात कुणी घाईने खाली उतरताना लागतं तसं. मग आणखी एकदा. मग थांबेचना.

तिने डोळे मिटून घेतले आणि भिंतीला खेटून उभी राहिली. हात मात्र काढले नाहीत.

पर्समध्ये फोन थरथरला. एकदाच. दुरुस्ती चढली की कचेरीतल्या सगळ्यांना निरोप जातो.

स्कार्फचं टोक खाली लोंबलं आणि हलेनासं झालं.

दादाची पाठ तिच्या तळहातांवरून सुटली. तो सरळ उभा राहिला, वळला, खाली उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं, दारातल्या वहिनीकडे पाहिलं.

"काय गं, दोघी जिन्यात काय नाटक करताय? चहा टाका की," तो म्हणाला, आणि दारातून थेट आत गेला. थांबला नाही, सरला नाही. वहिनीला चांगला धक्का देऊन गेला.

वहिनी उंबऱ्यातच बसली आणि हसत सुटली, रडत सुटली. ताईचा जीव भांड्यात पडला. ती पायरीवर टेकली आणि तिथूनच ऐकत राहिली: दादा आत कपाटं उघडत होता, साखर कुठे ठेवली म्हणून ओरडत होता. चहा घेताना तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. घड्याळ डाव्या मनगटावर होतं.

पुढचे दिवस सुखाचे गेले. दादा दुकानात बसायला लागला. परगावच्या डॉक्टरांना तिने भीत भीत पुन्हा फोन केला, तर भट्टीवाला मजेत होता, तसाच धक्के मारत होता. फोन ठेवून ती एकटीच मोठ्याने 'हुश्श' म्हणाली. तिने सरांना सांगून टाकलं की यापुढे रूप बदलणं नाही. प्रत्येक हकिगत 'एका व्यक्तीला' अशीच सुरू होणार. सरांनी थोडी कुरकुर केली आणि मान्य केलं. मेकअपताई हे नाव मात्र राहिलं ते राहिलंच.

हळूहळू एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. काचेच्या त्या दाराशी हल्ली टकरा होत नव्हत्या. छापखान्याचा माणूस गठ्ठा घेऊन आला की दार रेटायच्या आधी खांदा जरासा वळवी. सर स्वतः खोलीतून निघताना किंवा शिरताना पापणी लवेल न लवेल एवढं थांबत. बँकेत, औषधांच्या दुकानात, लिफ्टपाशी, जो तो दाराशी आला की किंचित बाजूला होई आणि मग आत जाई. कुणाच्या लक्षातही येत नसे. लोक जरा सभ्य झालेत, असं कुणी कुणी कौतुकाने म्हणे. तिने खूप दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं. कुणाचं थांबणं वाढत नव्हतं. कुणी पडत नव्हतं. एका माणसाला झेपणार नाही असं ओझं सगळ्यांत वाटलं गेलं होतं, आणि वाटणीला येत होतं ते इतकं थोडं की त्याला आजार कोण म्हणणार? तिला मनापासून बरं वाटलं. दादा वाचला होता, भट्टीवाला वाचला होता, कुणाचं काही गेलं नव्हतं.

एका संध्याकाळी ती दादाकडून घरी आली. वहिनीने बांधून दिलेला डबा अजून गरम होता. तिने कुलूप काढलं, दार ढकललं, डबा या हातातून त्या हातात घेतला आणि चौकटीला पाठ लावून बाजूला झाली.

घरात ती एकटीच राहायची. मान लववून ती उभी राहिली. आज जरा वेळ लागला.